जाळेवाल्यांच्या गल्लीत मी काय बोललो

मित्रांनो, मी एक भोंगा आहे. जुना, करड्या रंगाचा, कडेला दोन पोचे पडलेला पत्र्याचा भोंगा. जिनवेई शहरात एका तोउह्वावाल्याच्या स्वयंपाकघरात, सोयाबीनच्या पोत्यांच्या वर एका खिळ्याला मी टांगलेला असतो. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना आधी आपल्या कामाची थोरवी सांगतात. मला तसे करायला तोंड नाही. तोंड तर माझे हातभर रुंद आहे. पण ज्या तोंडाने मी बोललो, त्याचीच मला लाज वाटते. तरीही सांगतो. लपवून ठेवल्याने काय होते, ते मी एकदा पाहिले आहे.

एका लहानशा कारखान्यात पत्र्याच्या चकतीला दाब देऊन माझा जन्म झाला. माझ्यासारखे चाळीस जण एका पेटाऱ्यातून जिनवेईच्या बाजारात आले. कोणी देवळात गेले, कोणी मासळी बाजारात. मला घेतले वेंग आबांनी. त्यांचा एक छोटा निळा टेंपो होता. त्याच्या टपावर त्यांनी मला दोन बोल्टांनी बसवले आणि खालून वायर ओढून घेतली.

वेंग आबा तोउह्वा विकत. सोयाबीनच्या दुधाचा, खरवसासारखा थरथरणारा तो पदार्थ. वरून आल्याचा गरम पाक. आबांचा स्वभाव भिडस्त, आवाज बारीक. म्हणून त्यांनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचा, ली-शुएचा, आवाज कॅसेटवर भरून घेतला. "तोउह्वा घ्या, गरम तोउह्वा! आलं घातलेलं, आमच्या आबांनी केलेलं!" तो स्वच्छ, हसरा आवाज मी वर्षानुवर्षे गल्लोगल्ली पोचवला. शुए मोठी झाली, शाळेत बाई म्हणून शिकवू लागली, तरी टेंपोवर तिचा नऊ वर्षांचाच आवाज वाजत असे.

आमची शेवटची फेरी जाळेवाल्यांच्या गल्लीत व्हायची. नदीच्या मुखाशी, बांधाच्या खाली, बावीस बुटक्या घरांची ती गल्ली. तिथली किन आजी वाटी घेऊन दारात उभीच असायची. तिचा नवरा फू-लाय जाळी विणायचा. किन आजी पहिला घास घेऊन दर वेळी तेच म्हणायची, "तुमचा भोंगा गरम म्हणतो, तर असतं बरं का गरम!"

मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! माझ्यावर विश्वास आहे, असे मी समजत होतो. विश्वास त्या मुलीच्या आवाजावर होता.

शुए एकतिसाव्या वर्षी नगरसेवकपदाला उभी राहिली. शाळेमागच्या उघड्या गटारात एक मूल पडले होते आणि महापालिकेत तिची दाद कोणी घेतली नव्हती. एवढेच कारण. बाकीच्या उमेदवारांकडे सजवलेल्या गाड्यांच्या रांगा होत्या. तिच्याकडे आबांचा टेंपो आणि मी. मागच्या हौद्यात हात जोडून ती उभी राहायची आणि माईकवर म्हणायची, "मी शुए. तोउह्वावाल्यांची शुए. क्रमांक तीन!"

मासळी बाजारातून एकजण ओरडला, "अगं, मत देतो, पण आधी वाटीभर फुकट खिलव की!"

"फुकट दिलं तर उद्या तुरुंगात जाईन, काका," ती म्हणाली. "मत मला द्या आणि वाटी विकत घ्या!"

सगळा बाजार हसला. ती निवडून आली. दोनदा आली. गटार झाकले गेले. चाळिसाव्या वर्षी ती महापौर झाली आणि महापौर झाल्यावरही दर रविवारी आबांच्या टेंपोत बसून एकेका गल्लीत जायची. माझ्यातून हाक मारायची, "कुणाची काय तक्रार आहे, या सांगायला!" मासळी बाजारावर छप्पर आले. शाळांमध्ये गरम जेवण सुरू झाले. म्हाताऱ्यांना चढता येईल अशा बुटक्या पायऱ्यांच्या बसगाड्या आल्या. हे सगळे खरे आहे, मित्रांनो. ती वाईट बाई होती असे कोणी म्हणाले, तर ते मला पटणार नाही. म्हणून तर मला जास्त लाज वाटते.

जाळेवाल्यांच्या गल्लीत दर दोन-तीन वर्षांनी वादळात पाणी शिरायचे. शुएने तिथे शब्द दिला होता, की बांधावर पंपघर होईल. ते झालेही. तीन मोठे पंप बसले. ते काम थांग नावाच्या अभियंत्याकडे होते. सडपातळ माणूस, गळ्यात कायम एक पंचा, खिशात वही. त्याचे म्हणणे होते, की एक अख्खा पावसाळा पंप चालवून पाहू आणि मग लोकांना सांगू. पण नोव्हेंबरात निवडणूक होती. सप्टेंबरात फीत कापली गेली. त्या दिवशी शुए माझ्यातून म्हणाली, "यापुढं पाणी तुमच्या उंबऱ्याला शिवणार नाही!" टाळ्या कडाडल्या. थांग मागे उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही, हे मी टपावरून पाहिले.

ऑक्टोबरात वादळ आले.

सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी दोनच्या सुमाराला आमचा टेंपो बांधावर उभा होता. आबा स्टिअरिंगवर, शेजारी शुए. थांग स्कूटरवरून आला. रेनकोटातून पाणी निथळत होते. त्याने खिडकीत डोके घातले.

"महापौरबाई, दोन नंबरचा पंप बंद पडलाय. तीन नंबरचा तापलाय, तासभर टिकला तरी खूप."

"एक नंबरचा चालू आहे ना?"

"एकावर नाही भागायचं. चारला भरती आहे. गल्ली आत्ताच्या आत्ता रिकामी करा, सगळ्यांना शाळेच्या वरच्या मजल्यावर न्या. अजून घोट्याएवढंच पाणी आहे, चालत जातील."

बांधाच्या दुसऱ्या टोकाला टीव्हीवाल्यांची गाडी उभी होती. शुएने तिकडे पाहिले.

"थांग, फीत कापून महिना झाला फक्त. आज गल्ली रिकामी केली, तर उद्या लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला नाही कळत, बाई. पाण्याचं कळतं."

"तीन नंबरचा कसाही चालू ठेवा. एक तास द्या मला."

"तास देणारा मी कोण?" थांग म्हणाला आणि स्कूटर वळवून पंपघराकडे गेला.

आबांनी मान वळवली. "शुए, अगं, तो माणूस..."

"आबा, तुम्ही गाडी घ्या खाली. हळू घ्या."

आबांनी गाडी खाली घेतली. आयुष्यभर ते मुलीचे ऐकत आले होते, त्या दिवशीही त्यांनी ऐकले.

मित्रांनो, आता जे सांगायचे आहे, ते सांगताना हा खिळा निखळून मी खाली पडावे असे वाटते.

गल्लीत लोक आपणहून निघायच्या तयारीत होते. दारांत गाठोडी होती. कोणी कोंबड्यांचे खुराडे उचलले होते. फू-लाय आजोबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. किन आजीने मासळीच्या हातगाडीवर गोधडी घालून त्यांना बसवले होते, वरून प्लास्टिक गुंडाळले होते आणि ती गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. आणखी वीस पावले, की चढ लागत होता.

शुएने माईक घेतला.

"मी शुए बोलतेय. घाबरू नका. तिन्ही पंप चालू आहेत. रस्त्यावर येऊ नका, घरातच थांबा. मी इथंच आहे."

माझी वायर जुनी होती. वर्षानुवर्षे मी मध्येच खरखरायचो, अर्धे शब्द गिळायचो. शुए कितीदा मला शिव्या द्यायची. पण त्याच सकाळी पावसाच्या भीतीने आबांनी सांध्याला नवी चिकटपट्टी गुंडाळली होती. त्या दिवशी माझा एकही शब्द तुटला नाही. इतका खणखणीत मी कधीच वाजलो नव्हतो.

किन आजी थांबली. तिने वर, माझ्याकडे पाहिले. मग नवऱ्याच्या अंगावरचे प्लास्टिक सारखे करत हसून म्हणाली, "ऐकलंत ना? उगीच ओढत होते तुम्हाला पावसात. चला, घरी चला."

तिने हातगाडी वळवली. एकामागून एक बावीस दारे लागली.

साडेतीनला तिसरा पंप बंद पडला. चारला भरती आणि नदी एकत्र झाली आणि बांधाच्या दारातून पाणी आत आले. ते चढत नव्हते, धावत होते. शुए माझ्यातून किंचाळू लागली, "वर जा! माळ्यावर जा! छपरावर जा!" पण तोपर्यंत टेंपोचे इंजिन बुडाले आणि माझा आवाज गेला. लोकांनी एकमेकांना छपरांवर ओढून घेतले. पाचच्या आत होड्या आल्या. किन आजीला शेजाऱ्याने खिडकीतून वर खेचले. ती त्याच्या हाताला चावत होती, कारण तिला नवऱ्याला सोडून यायचे नव्हते. फू-लाय आजोबांना एकटीने उचलणे तिला जमले नव्हते.

त्या दिवशी गल्लीत एक माणूस गेला. वर्तमानपत्रांनी 'एकच बळी' असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी शुए वार्ताहरांना म्हणाली, "पंप चालू असल्याचं मला सांगण्यात आलं होतं." तिने कोणाचे नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत थांगला कामावरून दूर केले गेले.

विरोधी उमेदवार म्हणाला, तसे असेल तर देवीसमोर शपथ घ्या. आमच्याकडे ही रीत आहे. कोर्टात खोटे बोलणारा माणूसही मात्सू देवीच्या पायरीवर दहादा विचार करतो. शुएने एक दिवस विचार केला आणि हो म्हणाली. देवळाच्या पटांगणात एवढी गर्दी झाली, की पुन्हा मलाच बोलावणे आले. आबांनी टेंपो दुरुस्त करून घेतला होता. माझी वायरही वाळवली होती.

शुए हातात उदबत्त्या घेऊन गुडघ्यांवर बसली. "थांगसाहेबांनी मला सांगितलं असतं, तर मी एक क्षणही थांबले नसते. मी खोटं बोलत असेन, तर देवीनं मला शिक्षा करावी."

मी ते वाक्य देवीच्या कानापर्यंत नेले. थांग वडाखाली उभा होता. लोकांनी त्याला घेरले, "आता तू बोल की!" तो एवढेच म्हणाला, "वेळ सगळी वहीत लिहिलीय. वही चौकशीवाल्यांकडं आहे." कोणीतरी त्याच्यावर सुपारीची लाल पिंक टाकली. त्याने पंच्याने बाही पुसली आणि निघून गेला.

परतताना शुए टेंपोत आबांच्या शेजारी बसली. मग आबा म्हणाले, "लहानपणी दूध सांडून मांजरावर ढकलायचीस ना, तेव्हा असाच चढायचा तुझा आवाज."

"आबा, पुढच्या चौकात डावीकडं घ्या," शुए म्हणाली.

ती निवडणूक जिंकली. दोनशे बारा मतांनी. फटाक्यांच्या माळांनी रस्ता लाल झाला आणि रिवाजाप्रमाणे आम्ही गल्लोगल्ली आभार मानायला निघालो. जाळेवाल्यांच्या गल्लीत भिंतींवर माणसाच्या उंचीच्या वर चिखलाची रेघ अजून होती. किन आजी बाहेर आली. बाहीवर सुतकाची पट्टी. तिने चक्क शुएसमोर हात जोडले.

"पोरी, यांच्या अंत्ययात्रेला तू भर पावसात चालत आलीस. मी विसरायची नाही. तुझी काय चूक? तुला त्या मेल्यानं फसवलं."

शुए हौद्यात उभी होती. तिने कंबरेत वाकून नमस्कार केला आणि तशीच वाकून राहिली, गल्ली संपेपर्यंत. लोकांना वाटले, केवढी नम्र बाई आहे.

त्या दिवसानंतर आबांनी टेंपोची किल्ली कोणाला दिली नाही. रोज सकाळी ते किन आजीकडे तोउह्वाची वाटी घेऊन जायचे. टेंपो दाराशी लावायचे, म्हणून मला सगळे ऐकू यायचे. आजी वाटी घ्यायची आणि विचारायची, "त्या थांगला शिक्षा होईल ना हो, दादा?" आबा म्हणायचे, "पाक सांडेल, वाटी सरळ धरा." असे दोन महिने चालले. आबा वाळत गेले.

एके दिवशी शुए दुपारच्या जेवणाला घरी आली. टेंपो स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा होता. आबांनी तिला भात वाढला आणि स्वतः वाढून घेतले नाही.

"उद्या मी किन बाईंना सांगणार आहे," ते म्हणाले. "तू येणार असलीस तर ये."

चॉपस्टिक्स खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आबा, एक वर्ष थांबा फक्त. नवा बांध मंजूर झालाय. मी गेले तर तो रद्द करतील. थांगना मी परत घेते, बढती देते. चार हजार माणसं वाचतील त्या बांधानं."

"वाचतील. मी कुठं नाही म्हणतो?"

"मग?"

"मग मला रोज ती दादा म्हणते, शुए."

"आणि मी? मी तुमची कोण?"

आबा म्हणाले, "तू माझी पोर आहेस, म्हणून तर आधी तुला विचारतोय. स्टिअरिंगवर मी होतो. मी गाडी बंद करू शकत होतो, वाटेत आडवी घालू शकत होतो. मी काय केलं? तू म्हणालीस हळू घ्या, मी हळू घेतली."

मग दोघेही रडत होते, असे मला वाटते. नक्की सांगता येत नाही, कारण नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती आली. अंगावर महापौराचे जाकीट नव्हते, साधा स्वेटर होता. जाळेवाल्यांच्या गल्लीत लख्ख ऊन पडले होते, दोरीवर जाळी वाळत होती. आबांनी टेंपो मधोमध उभा केला. शुए हौद्यात चढली आणि तिने माईक घेतला.

"मी शुए बोलतेय. त्या दिवशी पंप बंद पडत होते. थांगसाहेबांनी मला सांगितलं होतं. गल्ली रिकामी करा म्हणाले होते. मी खोटं बोलले. इथंही बोलले, देवीसमोरही बोलले."

तिचा आवाज चढला नाही. मी तो जसाच्या तसा बावीस घरांत पोचवला. एक सुई जाळ्यात तशीच थांबली. कोणीतरी खिडकी आपटून लावली. एक माणूस मासे धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन पुढे आला, पण ती त्याने ओतली नाही. नुसती धरून उभा राहिला.

शुए पुढे बोलू लागली, "मी राजीनामा देणार आहे आणि..."

"भोंगा बंद कर."

किन आजी दारात उभी होती. आवाज अगदी साधा, शेजारणीला हाक मारावी तसा.

"आजी, मला सगळ्यांसमोर..."

"बंद कर तो. सगळ्यांना नंतर सांग. आधी खाली ये. घरात ये. ते जिथं पडून होते ना, तिथं उभी राहा आणि मला सांग."

आबांनी बटण फिरवले. माझा आवाज गेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला योग्य वेळी गप्प केले होते.

शुए खाली उतरली आणि त्या बुटक्या दारातून वाकून आत गेली. आत काय बोलणे झाले, मला ठाऊक नाही. एकदा आजीचा हंबरडा ऐकू आला, एकदा काहीतरी फुटल्याचा आवाज. आबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. अर्ध्या तासाने शुए बाहेर आली. तिच्यामागे दार लागले, जोरात नाही, नेहमी लागते तसे. ती टेंपोत बसली नाही. चालत सरकारी वकिलांच्या कचेरीकडे निघाली. आबांनी हाक मारली नाही. टेंपो पहिल्या गिअरमध्ये घेऊन ते तिच्या मागे मागे, पावलापावलाने जात राहिले.

तिचे महापौरपद गेले. खटला झाला, शिक्षा झाली. थांगला सन्मानाने परत बोलावले. तो एक दिवस आला, आपली वही घेतली आणि दुसऱ्या गावी पंप सांभाळायला निघून गेला. नवा बांध मात्र खरोखरच रद्द झाला आणि सहा वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी कारकिर्दीत पुरा झाला. सगळे चांगले झाले, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

शुए सुटून आली, तेव्हा आबांनी मला टपावरून उतरवले होते. आता आबा नाहीत. ती पहाटे उठून सोयाबीन दळते आणि बाजारात छपराखाली बसते. काही लोक तिच्याकडून घेतात, काही मुद्दाम पलीकडच्या गाड्यावर जातात. ती कोणालाच काही म्हणत नाही. जाळेवाल्यांच्या गल्लीत ती अजून जात नाही. मागे एका उमेदवाराचा माणूस मला मागायला आला होता. "जुना माल आहे, आवाज दांडगा असतो यांचा," तो म्हणाला. शुए म्हणाली, "म्हणूनच नाही देत."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, की आम्हाला पुसा, रंग द्या, अडगळीत टाकू नका. मला तसले काही नको. मी गंजतो आहे, तर गंजू द्या. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणी गुरुजी होईल, कोणी डॉक्टर, कोणी महापौरही होईल. माझ्यासारखा एखादा तुमच्या हाती येईल आणि तुमचे बोलणे शंभर घरांत ऐकू जाईल. तेव्हा माझी निगा राखली नाहीत तरी चालेल. तुमच्या शब्दावर विसंबून जे दार लावून आत बसतात, त्यांची राखा.